भावजींची बंद करायची सवय

पंखे, दिवे, नळ आणि दुसऱ्यांची बोलणी बंद करण्यात भावजी पटाईत. त्यांनी आयुष्यात सुरू केलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बंद केलेल्यांसाठी मात्र वही लागेल. हार्ड डिस्क दुरुस्तीचं दुकान वहिनीने सुरू केलं, हे वेगळं सांगायला नको.

त्या दुपारी वहिनी लेकीच्या शाळेत पालकसभेला निघाली. जाताना कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाली, "भावजी, गवतवाल्या सरांच्या डिस्कची कॉपी चालू आहे. हात लावू नका."

गवतवाले सर सकाळपासून स्टुलावर बसून होते. एकाच कुरणातल्या गवताचे फोटो त्यांनी सव्वीस वर्षं काढले होते. कुरणावरून आता रस्ता गेलाय. फोटो उरले ते या शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर. ती दहा मिनिटं रिकामी राहिली तर फिरायची थांबेल आणि पुन्हा फिरेल याचा भरवसा नाही, असं वहिनीने दोघांनाही बजावलं होतं. एक्क्याण्णव टक्के फोटो उतरले होते.

भावजींना प्रिंटर तपासायचा होता. काळ्या खिडकीत कमांड लिहायची, एवढं ते शिकले होते. कंट्रोल आणि झेड दाबलं की चाललेलं काम बाजूला होतं, हेही वहिनीच्या खांद्यावरून पाहून ठेवलं होतं. बाजूला झालं म्हणजे मागे चालूच राहणार, हा हिशोब मात्र त्यांचा स्वतःचा. त्यांनी ती बटणं दाबली आणि प्रिंटरचं काम उरकलं. जरा वेळ कागद नीट लावण्यात गेला. मग सवयीने त्यांनी खिडकी बंद करायला 'एक्झिट' लिहिलं.

खिडकी बंद होईना. इंग्रजीत एक ओळ तेवढी आली. कुणी अडवलं की तेच पुन्हा जरा जोरात सांगायचं, हा भावजींचा शिरस्ता. त्यांनी परत 'एक्झिट' लिहिलं, जोरजोरात बटणं दाबत.

एंटर दाबणार तोच सर म्हणाले, "टकटक थांबली आहे."

"कसली?"

"डिस्कची. तीन बाराला." सरांनी डायरी दाखवली, वेळ पेन्सिलीने टिपून ठेवली होती. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम थांबवलीत."

"अहो, मागे चालू आहे ते."

"मग आवाज कुठाय?"

भावजींनी डिस्कला कान लावला. नुसती बारीक घरघर. घड्याळात तीन एकोणीस. त्यांनी वहिनीला फोन लावला.

"पडद्यावर काय आहे?" वहिनी वर्गाबाहेरून कुजबुजली. "जसंच्या तसं वाचा."

"देअर आर स्टॉप्ड जॉब्ज. खाली मी एक्झिट लिहिलंय. एंटर मारू?"

"नको! दुसऱ्यांदा सांगितलंत की ते विचारत नाही. थांबलेलं काम मारूनच बाहेर पडतं."

"ते मला माहीत—"

"भावजी, पाया पडते, आत्ता काही माहीत असू नका. ते चार अक्षरांचं खोडा. चारच."

भावजींनी खोडलं. सर मागे येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास भावजींच्या मानेवर येत होता.

"तीन वीस," सर म्हणाले.

"बी लिहा. मग जी. दोन अक्षरं, मध्ये जागा नाही. त्याने थांबलेलं काम मागे चालू होतं," वहिनी म्हणाली.

"लिहिलं. एवढंच? काम मोठं आहे, वहिनी."

"एंटर!"

कॉपीच्या कामाचं नाव पडद्यावर आलं. घरघर तशीच. सर पेन्सिल हातात धरून होते, पण लिहीत नव्हते. डिस्क एकदा खरवडल्यासारखी वाजली, गप्प झाली, आणि मग टक. टक. टकटक.

सरांनी लिहिलं: ३:२१, सुरू.

"सुरू झाली का हो?" फोनमधून वहिनी.

"झाली म्हणजे काय, मी केली," भावजी म्हणाले. फोन ठेवला, कपाळ पुसलं, आणि भर दुपारी दिवा कशाला म्हणून त्यांचा हात भिंतीवरच्या बटणांकडे गेला.

सरांनी मनगट पकडलं. वहिनी आली तेव्हा दोघे तसेच उभे होते, आणि पडद्यावर चौऱ्याण्णव टक्के झाले होते.