सीटवरचं वजन

"गाडीला हात लावायचा नाही!" सुईबाई जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाली. तिच्या हातात भलामोठा पाना होता, त्यामुळे धाकटा भाऊ दोन पावलं अलीकडेच थांबला.

"ताई, अगं हॉटेलवाला पाच वाजता यायचाय. मी शब्द दिलाय त्याला."

"मग शब्द ने. गाडी इथेच राहील."

सुईबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. सव्वीस वर्षं ती घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढत होती आणि नळ्यांची पेटी मोटरसायकलच्या मागच्या कॅरियरला बांधून लॅबमध्ये पोचवत होती. पोरांनी ठेवलेलं नाव हळूहळू मोठ्यांच्याही तोंडी बसलं. तिने लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही आणि बाबांची मोटरसायकल सोडली नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण हात असा हलका की सुई बाहेर आल्यावर लोक विचारत, "झालं?"

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान. अंगाने भरभक्कम, स्वभावाने भित्रा. पन्नाशी आली तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची. एका हॉटेलवाल्याला ही जुनी मोटरसायकल हवी होती. चकचकीत करून तो ती दारात उभी करणार होता, म्हणजे गिऱ्हाइकं शेजारी उभी राहून फोटो काढतील. बाबांची गाडी म्हणजे आपलाही शब्द चालतो, असं धरून भावाने परस्पर होकार देऊन टाकला होता.

मुहूर्तही नेमका आजचा. सकाळीच लॅबच्या डॉक्टरांनी सुईबाईला आत बोलावून घेतलं होतं. आठवड्यात तिसऱ्यांदा नमुना वाया गेला होता. गाडी मागून इतकी आदळत होती की नळीतल्या रक्ताच्या पेशी फुटत, यंत्रात फिरवल्यावर वर येणारं पाणी लालसर होई आणि तपासणीचा काही उपयोग राहत नसे. तिन्ही वेळा टोचून घ्यावं लागलं ते म्हाताऱ्या मास्तरांना. त्यांच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक. तिसऱ्या वेळी ते काही बोलले नाहीत, नुसता दुसरा हात पुढे केला. त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"उद्यापासून कुरिअरवाल्याला सांगतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आता आराम करा."

"आराम तुम्ही करा," ती म्हणाली. "आज संध्याकाळी एक नमुना आणते. खराब निघाला तर मीच येणार नाही."

"सहापर्यंत आहे मी," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले होते.

आता साडेतीन वाजले होते. गाडी डबल स्टँडवर होती आणि मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर फरशीवर पडले होते. त्यांच्या वरच्या-खालच्या टोकांना जी गोल भोकं असतात, त्यांत रबराचे बुश बसतात. रबर धक्का खातं, लोखंडाला लोखंड लागू देत नाही. हे चारही बुश गेले होते.

"तीन महिन्यांपूर्वीच नवे घालून घेतले होतेस ना?" भावाने विचारलं. "मग? किती वेळा घालणार? गाडीच म्हातारी झालीय गं. आणि तू पण…"

"पूर्ण कर."

"तू पण काही आता तरुण नाहीस."

"म्हणून मलाही हॉटेलच्या दारात उभी करतोस का?"

सुईबाईने लांब बोल्ट, वॉशर आणि पाइपचा तुकडा लावून जुना बुश दाबत दाबत बाहेर काढला. उजेडात फिरवून बघितला. मग दुसरा काढला, तिसरा काढला, आणि चौथ्याला तर ती हसलीच.

"हे बघ. चारही एकाच अंगाने फाटलेत. तिरके. हे झिजलेलं नाही, पिळलेलं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कोपऱ्यावरच्या त्या मेकॅनिकने गाडी स्टँडवर असतानाच बोल्ट आवळले. चाक हवेत लोंबकळतंय, रबर तिथेच पकडलं गेलं. मी बसले की गाडी खाली दबणार, रबर पिळणार. तीन महिने बिचारं पिळवटून निघालं. गाडी म्हातारी झाली म्हणे! आवळता येईना आणि गाडी म्हातारी!"

तिने नव्या बुशांना साबणाचं पाणी लावलं आणि एकेक करून दाबून बसवले. दोन तरी बोटं सोलवटली असतील. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जागेवर चढवले, बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवले आणि गाडी स्टँडवरून खाली घेतली.

"ये, बस सीटवर," ती म्हणाली. "वजन आलं की मग आवळायचं. बाबा तसंच करायचे."

भाऊ जागचा हलला नाही. त्याचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला होता.

"माहितीय मला बाबा कसं करायचे," तो म्हणाला. "मला सीटवर बसवायचे. वजन म्हणून. आणि पाना तुझ्या हातात द्यायचे. मी विचारलं एकदा, मी आवळू का? तर म्हणाले, तू बस नुसता, तुझा तेवढाच उपयोग आहे. दोघं हसलात तुम्ही. तू पण हसलीस, ताई."

सुईबाईला ते हसणं आठवत नव्हतं. पण आपण हसलो असणार याबद्दल तिला जराही शंका नव्हती, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटली. माफी मागायची तिला सवय नव्हती. थोडा वेळ ती फडक्याला हात पुसत राहिली. मग उठली, पदर खोचला आणि स्वतःच सीटवर जाऊन बसली.

"रोज या गाडीवर कोण बसतं? मी. मग वजनही माझंच पाहिजे. घे पाना."

"मी? ताई, चुकलं तर?"

"चुकलं तर मी पडेन. तुला काय त्याचं! आवळ."

भाऊ गुडघ्यांवर बसला. पहिल्या बोल्टला पाना दोनदा निसटला. ती समोर भिंतीकडे बघत राहिली, एकदाही वाकून पाहिलं नाही. चौथ्या बोल्टपर्यंत त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि "बास का?" हे विचारणं त्याने सोडून दिलं होतं.

"आता नमुना कुणाचा नेणार?" हात धुताना त्याने विचारलं. "मास्तरांचा?"

"त्यांना आज पुन्हा नाही टोचणार. माझंच काढते."

"तुझं तू कसं काढशील?" भावाने बाही वर केली आणि डोळे गच्च मिटले. "माझं घे. लवकर घे, नाहीतर मी पळून जाईन."

तिने घेतलं. तो डोळे मिटूनच म्हणाला, "झालं?"

पेटी मांडीवर धरून मागे बसतो, असंही तो म्हणाला. सुईबाईने मान हलवली. "रोज पेटी कॅरियरवर असते आणि मी एकटी असते. लबाडी नको. तू मागून बसने ये." दाराला कुलूप घालून ती निघाली, आणि जवळचा डांबरी रस्ता सोडून तिने मुद्दाम खाणीकडचा खडीचा रस्ता धरला.

भाऊ धापा टाकत लॅबमध्ये पोचला तेव्हा नळी यंत्रात गरगरत होती. यंत्र थांबलं. डॉक्टरांनी नळी खिडकीपाशी धरली. खाली गडद लाल, वर स्वच्छ फिकट पिवळं पाणी. लाल छटा नावालाही नव्हती.

"कुठल्या रस्त्याने आलात?"

"खाणीच्या."

डॉक्टरांनी नळी परत ठेवली. "कुरिअरवाल्याला मी सांगून बसलोय हो."

"ते तुमचं तुम्ही निस्तरा," सुईबाई म्हणाली, आणि टेबलावरची उद्याची यादी तिने न विचारता उचलली.

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. हॉटेलवाला बंद दारासमोर उभा होता.

"नाही साहेब, विकायची नाही," भाऊ दाराशी जाऊन म्हणाला. हातावरचा कापूस त्याने अजून दाबून धरला होता. "अहो, भाव वाढवायचा प्रश्नच नाही. चूक माझी झाली. गाडी माझी नाहीच, बहिणीची आहे. मी फक्त बोल्ट आवळतो."

सुईबाई त्याच्याकडे पाठ करून यादी वाचत उभी होती. यादीत सहाच नावं होती, पण तिची वाचून होईनात.