फिल्टरमधलं तांबडं पाणी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण आज घेते. गंगाराम. बावीस वर्षं भाईंची पिकप चालवली त्यांनी, आणि गेल्या सोमवारी भर देवळात त्यांना चोर ठरवलं.

भाई म्हणजे आमच्या वाडीतले काजूचे व्यापारी. त्यांची पिकप जुनी, पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला, पण इंजिन खणखणीत. चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. गणपती झाले आणि तिचं काहीतरी बिनसलं. उभी असली तरी गदगद हलायची, रेस आपोआप खालीवर व्हायची, आणि चढण लागली की दमेकऱ्यासारखी ठसके देत थांबायची. मागून पांढरा धूर. ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. भाकरी हातात तशीच धरून म्हणायचे, "नोझल गेलो नसतलो. आवाज येगळो आसा." मी आजारी पडले तेव्हा एवढी काळजी केली नव्हती, हे मी त्यांना ऐकवलंसुद्धा.

शेवटी भाईंनी गाडी बाबली मेस्त्रीच्या गॅरेजला नेली. हे सोबत होतेच. बाबलीने आधी हवेचा फिल्टर झटकला, मग पंप मारून डिझेलच्या नळीत हवा धरलीय का ते पाहिलं. मग इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची नळी सैल केली. नळी सैल केल्यावर ज्याचा आवाज बदलत नाही तो सिलिंडर आळशी, असं त्याचं शास्त्र. पण इथे कधी पहिला आळशी, कधी तिसरा. "सगळे एकदम बिघडनत नाय," बाबली म्हणाला. "ह्यांका खावक काय मिळता ता बघूक होया." त्याने डिझेल फिल्टरचा खालचा स्क्रू सोडला आणि बाटली धरली. वर डिझेल, खाली चार बोटं तांबडं पाणी.

"टाकयेक गंज लागलो आसा, आणि पाणी इला," बाबली म्हणाला.

भाईंनी फक्त 'पाणी' ऐकलं. "पाणी इला खंयसून? कोणतरी डिझेल काढून इकता आणि वरसून पाणी घालता."

आता गाडीची चावी एकाच माणसाकडे. म्हणजे हे 'कोणतरी' कोण, ते काय वेगळं सांगायला हवं?

सोमवारी देवळात जत्रेची बैठक होती. सगळी वाडी जमलेली. तिथे भाईंनी देवासमोर नारळ ठेवला आणि ह्यांना म्हणाले, "हात ठेव आणि सांग, मी डिझेल चोरूक नाय म्हणान." आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही. खोटी शपथ घ्यायला अट्टल चोरही कचरतो. पण शपथ घ्यायला लावली की माणसावर डाग पडतो तो पडतोच, मग तो खरं बोलो की खोटं. ह्यांनी हात ठेवला, सांगितलं. भाई म्हणाले, "देव काय ता बघून घेयत," आणि वर चावी मागून घेतली. चाळीस माणसं होती. एकाने तोंड उघडलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि बघायला अख्खी वाडी.

घरी येऊन हे दोन दिवस घरासमोरच्या खळ्यात बसून राहिले. तिसऱ्या दिवशी माझा संयम संपला. पदर खोचला आणि बाबलीच्या गॅरेजला गेले.

"बाबली, ती बाटली खंय आसा? माका दाखय."

"वयनी, तुमका काय कळतला त्यातला?"

"न कळांदे. दाखय."

बाटली फळीवर तशीच होती. मी उजेडात धरली. गंज असता तर एवढ्या दिवसांत तळाला बसला असता आणि पाणी निवळलं असतं. हे पाणी नितळ होतं, तरी लालभडक. तो रंग मी कुठेही ओळखेन. दर मे महिन्यात माझे हात कोपरापर्यंत तसे होतात. नाक लावलं तर डिझेलच्या वासामुळे काही कळेना. मग बाबलीचा हात धुवायचा साबण घेतला, ओला केला आणि त्यावर तळातलं थोडं पाणी ओतलं. साबण निळसर काळा पडला. कोकमाच्या डागाला साबण लावला की काय होतं, ते आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, काढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

"ह्या आगळ आसा," मी म्हटलं. "माझ्या हातचा."



भाईंच्या लेकीच्या साखरपुड्याला सोलकढीसाठी काळा कॅन भरून आगळ मीच दिलं होतं. बाबलीला घेऊन तशीच भाईंच्या घरी गेले. मागच्या पडवीत कॅन होता, मुठीला माझ्याच जुन्या साडीची चिंधी बांधलेली. आत डिझेलचा वास. भाईंची बायको शर्मिला सरळ बाई, तिने सांगून टाकलं. चतुर्थीआधी भाई बांद्याच्या पुढे गोव्यात गेले होते. तिथे डिझेल स्वस्त, म्हणून घरातले दिसतील ते कॅन भरून आणले आणि अंगणात उभ्या गाडीत स्वतःच्या हाताने ओतले. काळ्या कॅनच्या तळाला मिठाचं आंबट आगळ राहिलंय, हे बघायला त्यांना फुरसत नव्हती. माझ्या नवऱ्याला चोर म्हणायला मात्र होती.

बाबलीने टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा काढली. शनिवारी भाईंनी ह्यांना निरोप धाडून अंगणात बोलावलं. ह्यांनी चावी फिरवली. पहिल्या झटक्यात चालू, आणि बॉनेटवर ठेवलेला चहाचा पेलासुद्धा हलेना. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं.

भाई पुढे आले, हळूच म्हणाले, "झाला ता झाला, गंगाराम. माझी चूक झाली. सोमवारपासून ये."

मला वाटलं, आता हे मान हलवतील. स्वभावच तसा. पण त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि चावी पेल्याशेजारी ठेवली.

"चावी घेतंय, भाई. पण आधी देवळात चला. नारळ मी आणतंय. आता सांगितल्यात ता थंय सांगा."

"अरे, सगळ्या लोकांसमोर?"

"त्या दिवशी लोक होतेच ना," हे म्हणाले.