आठव्या दिवसाची अंडी

आठव्या दिवसाची नळी पिवळी झालीच नाही.

रागिणीने ती खिडकीपाशी धरून पाहिली. रेशीमकिड्याच्या अंड्यात अळी घडत असताना एक एन्झाइम किती काम करतं, ते ती रोज मोजत होती. शंभर अंडी बर्फात खलायची, रस गाळायचा, रसायन घालायचं. एन्झाइम जितकं जोमात, तितका पिवळा रंग गडद. सातव्या दिवसापर्यंत रंग चढत आला होता. आज नळीत नुसतं पाणी. दहाव्या दिवशी अळ्या बाहेर पडणार. आजची नोंद हुकली तर सगळं पहिल्यापासून, आणि प्रबंध पुढच्या वर्षावर.

रसायन ताजं होतं. तापमान बरोबर होतं. राहिली अंडी. ती ब्रशने मोजून नळीत घालायचं काम तानुबाईंचं. अकोल्याच्या या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं किडे पोसत होत्या.

"मावशी, आज अंडी कोणत्या कार्डावरची घेतली?"

"रोजच्याच." तानुबाई तुतीची पानं पुसत राहिल्या.

"मग रंग काहून नाही आला?"

"तुया औषधाले इचार."

"त्याले इचारलं. आता तुमाले इचारून राहिली." शेंदूरजनाघाटची रागिणी चिडली की घरच्या बोलीवर यायची.

तानुबाईंनी पान खाली ठेवलं. कपाटातून अंड्यांचं कार्ड काढून तिच्यासमोर धरलं.

"आजची हे आहेत. तुले वांझोटी देल्ली, नराशिवाय घातलेली. थे तशीबी मरणारच होती."

"अवो, पण काहून?"

"सकाळी भिंगातून पाह्यलं. एकेकात काया ठिपका. डोकं आलं वं त्याइले. सात दिवस मोजून देल्ले, काई वाटलं नाई. आज ब्रश उचलेना."

रागिणीने वळून घड्याळात पाहिलं. साडेअकरा. आठवा दिवस अजून संपला नव्हता.

"मावशी, आजची नोंद लागतेच."

"माईत आहे मले."

कार्डावर दोनशे अंडी उरली होती, शंभर आजची, शंभर उद्याची. रागिणीने वही उघडली. काल रस इतका तेज निघाला होता की पाचपट पातळ करावा लागला. मग पातळ न करता वीस अंड्यांतही भागेल. शंभरचा आकडा आधीच्या विद्यार्थ्याच्या वहीतून आला होता. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

"आज वीस द्या, उद्या वीस. बाकीची एकशे साठ तुमची."

"मांगून बदलशीन?"

"बदलाबदली तुमी करता. मी नाही."

तानुबाईंना हसू आलं. मग त्यांनी ब्रश उचलला. वीस अंडी मोजायला त्यांना शंभराहून जास्त वेळ लागला. रागिणीने घाई केली नाही.

दहाव्या मिनिटाला नळीत पिवळा चढू लागला. कालच्याहून गडद.

"आला?"

"आला. लय जोरात काम चालू होतं त्याइचं."

तानुबाईंनी सावकाश मान हलवली. रागिणीने सकाळची नोंद खोडून शेजारी लिहिलं: नमुना फलित नव्हता, पुन्हा घेतला.

"कोणाची चूक लिवली?"

"चूक लिहिली. कोणाची, त्याला रकाना नाही."

तानुबाई पानांची टोपली जवळ ओढून म्हणाल्या, "परवा सातलेच येजो. अळ्याइचं पयलं पान तू चिर. लय बारीक लागते, मी शिकवीन तुले."