गोळीताई

वॉर्डात बारा वर्षं काढूनही सिस्टरला कुणी टोपणनाव दिलं नव्हतं. ती आपली नुसती सिस्टर. आणि औषधांचं बघायला आलेल्या त्या चष्मेवाल्या फार्मासिस्टला तीन महिन्यांत सगळे पेशंट ‘गोळीताई’ म्हणायला लागले, तेव्हा सिस्टरच्या पोटात दुखलं ते दुखलंच.

अस्थिमज्जा बदललेल्या पेशंटांचा हा वॉर्ड. रोज सकाळी साडेआठला सगळी टीम टेबलाभोवती बसून एकेका पेशंटचं बोलायची. डॉक्टरांच्या उजव्या हाताची खुर्ची सिस्टरची. एकदा तिला यायला पाच मिनिटं उशीर झाला, गोळीताई तिथं बसली आणि मग तिथलीच झाली. ऊठ म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? सिस्टर दाराजवळच्या स्टुलावरून त्या दोघांची एका कागदावर वाकलेली डोकी बघत राहायची.

चार नंबरच्या खोलीत शिंपीकाका होते. धाकट्या बहिणीची मज्जा त्यांना देऊन अठरा दिवस झाले होते. त्या सकाळी सिस्टर ताप बघायला गेली, तर काका शर्टाच्या बटणाशी झटत होते. चाळीस वर्षं काजं-बटणं केलेला माणूस, आणि बटण काजात जाईना. बोटं थरथरत होती.

“थंडी वाजतेय का काका?”

“नाही हो. हात आज ऐकतच नाहीत. एकाएकी म्हातारा झालो बघा.”

ताप नव्हता. सिस्टरने बटण लावून दिलं. तिला कळायचं ते कळलं होतं. नवी मज्जा आणि अंग यांचं भांडण जुंपू नये म्हणून काकांना जी गोळी चालू होती, ती रक्तात जास्त झाली की असे हात कापतात. परवाच गोळीताईने त्यांचं दुसरं एक औषध बदललं होतं. त्याने ही गोळी रक्तात चढते, म्हणून डोस कमीही केला होता. पण तो पुरेसा कमी झालेला दिसत नव्हता.

“चार नंबरला नवं औषध सोसतंय,” गोळीताई मीटिंगमध्ये म्हणाली. “रक्त उद्या तपासायचंय.”

“छान,” डॉक्टर म्हणाले. “सिस्टर, तुमचं काही?”

सिस्टरच्या ओठांवर आलं होतं. पण ते ‘छान’ तिच्या कानात जाऊन बसलं. कळेल उद्या रिपोर्टमध्ये, तिला वाटलं. कळू दे सगळ्यांना, हिचंही चुकतं.

“काही नाही,” ती म्हणाली.

दहा वाजताची तीच गोळी मात्र तिलाच द्यायची होती. छोट्या वाटीत ती घेऊन सिस्टर चार नंबरच्या दारापर्यंत गेली. काचेतून दिसलं, काकांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी पाणी छातीवर सांडत होतं आणि बहीण ते टिपत होती. सिस्टरला स्वतःचीच लाज वाटली. ती आल्या पावली मागे फिरली.

“काकांचे हात कापतायत,” तिने गोळीताईला सांगितलं. “सकाळपासून.”

गोळीताईचा चेहरा उतरला. “दहाची दिलीत?”

“नाही.”

“देऊ नका. रक्त आत्ताच पाठवू. डॉक्टरांना मी सांगते.”

दुपारी रिपोर्ट आला. प्रमाण हवं त्याच्या दुप्पट होतं. गोळी थांबवली, मग निम्म्याने सुरू केली. ही गोळी जास्त झाली की किडनीही बिघडते, पण तिला धक्का लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये गोळीताई म्हणाली, “चार नंबरचा डोस माझा चुकला. सिस्टरनी पकडलं म्हणून निभावलं.”

सगळ्यांनी कौतुकाने सिस्टरकडे पाहिलं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. ही पोरगी आपली चूक इतक्या सरळ सांगून मोकळी होते, याचाच तिला नव्याने हेवा वाटला.

“मला मीटिंगच्या आधीच दिसलं होतं,” सिस्टर म्हणाली. “मी बोलले नाही.”

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. “यापुढे प्रत्येक पेशंटचं आधी सिस्टर बोलतील,” ते म्हणाले, “आणि सगळं बोलतील.”

काका घरी निघाले त्या दिवशी त्यांनी पहिली चौकशी गोळीताईचीच केली. सिस्टरला ते बोचलं. तरी फोन करून तिनेच गोळीताईला बोलावून घेतलं, आणि घरी घ्यायच्या गोळ्यांचा कागद दोघींनी मिळून काकांच्या बहिणीला समजावून सांगितला.