अर्धा सूर चढलेला पियानो

रबराचा चुरा जेवणाच्या टेबलावर सांडला की मुंग्यांसारखा दिसतो. फक्त हलत नाही.

वेणी. कमरेच्या खाली. काळ्या रिबिनीने बांधलेली.

युरोपात कित्येक शतकं प्रत्येक गावाची पट्टी वेगळी होती. एका गावच्या चर्चमधला ऑर्गन शेजारच्या गावच्या ऑर्गनपेक्षा चढा असायचा. गाव बदललं की गवयाला गळाही सांभाळून घ्यावा लागे.

"जरा खाली घे गं. तो वरचा सूर माझ्या सात पिढ्यांत कुणाला लागायचा नाही."

जुन्या मठांतले साधू गाण्याच्या शब्दांवर बारीक खुणा करायचे. सूर वर जातो की खाली उतरतो, एवढंच त्या खुणा सांगायच्या. निघायचं कुठून, ते नाही.

"पुढच्या पानावर नवऱ्याला संशय येणार आहे. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या."

जुन्या पियानोची तार तुटते तेव्हा शेजारी धावत येतात.

*

हे सगळं एका दावणीला बांधायचं तर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापासून सुरुवात करावी लागेल.

संगीत विद्यालयात बाई दोन विषय शिकवायच्या: संगीताची मूलतत्त्वं आणि युरोपी संगीताचा इतिहास. प्रवेशपरीक्षाही त्याच घ्यायच्या. परीक्षेची रीत जुनी होती. बाईंनी स्वतः रचलेली एक छोटी चाल पियानोवर वाजवायची आणि मुलांनी ती ऐकून कागदावर उतरवायची. चाल कोणत्या सुरापासून सुरू होते हे सांगायचं नाही. कुठूनही सुरू करून लिहा, चढउतार बरोबर आले की गुण मिळाले. सगळी मुलं मग सोपी वाट धरायची. सी पट्टी, म्हणजे नुसत्या पांढऱ्या पट्ट्या, ना फ्लॅट ना शार्प, अर्धा सूर उतरवायची की चढवायची खूणच नको. वर्षानुवर्षं सगळा गठ्ठा सी मध्ये यायचा.

यंदा एक कागद आला ए-फ्लॅटमध्ये.

ए-फ्लॅट म्हणजे ओळीच्या सुरुवातीलाच चार फ्लॅटच्या खुणा. मोकळं अंगण सोडून काटेरी कुंपणावरून उडी मारावी, तसा प्रकार. चाल मात्र अचूक. एक सूर इकडचा तिकडे नाही.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चार फ्लॅट जागच्या जागी.

गोष्ट अशी होती की बाईंनी ती चाल आधी ए-फ्लॅटमध्येच रचली होती. घरी, जेवणाच्या टेबलावर, पेन्सिलीने, गुणगुणत. मग त्याच संध्याकाळी खोडून अर्धा सूर खाली आणली, जी पट्टीत. परीक्षेत वाजवली ती जी पट्टीतलीच. ए-फ्लॅटची चाल जगात फक्त एका कागदावर होती, तीही खोडायच्या आधी, तासा-दोन तासांपुरती. त्या वेळात घरात दोन माणसं होती. एक बाई. दुसरं माणूस आत कांदा चिरत होतं.

उत्तरपत्रिका वेणीवालीची होती.

*

दुसरं माणूस म्हणजे बाईंचा नवरा. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तो युरोपी साहित्याचा इतिहास शिकवायचा आणि सगळे त्याला 'कादंबरीवाले सर' म्हणायचे. शनिवारी त्याचं व्याख्यान बाहेरच्यांनाही खुलं असायचं, आणि कादंबरी वाचून दाखवताना ऐन रंगात थांबून तो लोकांना पाणी पिऊन घ्यायला सांगायचा. वेणीवाली वर्षभर त्या व्याख्यानांना येत होती. पहिल्या रांगेत, खिडकीशी. गाणं शिकायचंय हे तिने पहिल्यांदा सांगितलं ते त्यालाच, आणि घरी येऊन "त्या मुलीकडे जरा लक्ष ठेव हं, कान तयार आहे तिचा," असं म्हणालाही तोच.

ज्याला सूर आणि सुरी यांतला फरक बोट कापल्यावरच कळतो, त्याला कान तयार आहे हे कसं कळलं? तेव्हा बाईंनी हे विचारलं नव्हतं. आता त्यांना वाटलं, विचारायला हवं होतं.

बरं, नोटेशन वाचायला त्याला येत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हौसेने बाईंनीच शिकवलं होतं.

*

"झाले का तपासून?" त्या संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विचारलं.

"काय?"

"पेपर गं. दुसरं काय तपासतेस तू?"

"होत आलेत."

"वेणीवालीचं काय?"

घास बाईंच्या तोंडातच राहिला. चाळीस-पन्नास पोरं परीक्षेला बसलेली, आणि ह्यांना नेमकी वेणीच आठवली. "का हो? तिचीच काळजी बरी?"

"काळजी कसली. शनिवारी भेटली की विचारेल ना मला. काय सांगू?"

"सांगा की बाई कुणाच्या सांगण्यावरून पास करत नाहीत."

"मी कुठे सांगितलं पास कर?" तो हसला. "आज काय बिघडलंय? मीठ जास्त पडलंय का?"

मीठ बरोबर होतं. बाई मुद्दाम पाणी प्यायल्या.

जेवण झाल्यावर तो शनिवारच्या व्याख्यानाची टिपणं काढायला बसला, आणि त्याच्या सवयीप्रमाणे मोठ्याने. "ऐक हं. कादंबरीतला संशयी माणूस कधीच मूर्ख नसतो. पुरावे अगदी नीट गोळा करतो. एकाला एक जोडून गोधडी शिवतो, टाका सुटत नाही कुठे. फक्त ज्या गोष्टीचा तो पुरावा, ती गोष्ट घडलेलीच नसते. कसं वाटतं?"

"मला का ऐकवताय?"

"दुसरं कोण आहे घरात?"

तेच तर. दुसरं कोण होतं घरात?

*

दुसऱ्या दिवशीचा तास. विषय: रेघेचा शोध.

"खुणा होत्या, पण रेघ नव्हती," बाई फळ्याशी उभ्या राहून सांगत होत्या. "म्हणजे ज्याला गाणं आधीच ठाऊक आहे (ज्याला आधीच ठाऊक आहे!) त्यालाच ते वाचता यायचं. मग कुणीतरी एक रेघ ओढली. ही रेघ म्हणजे अमुक सूर. मग आणखी रेघा आल्या. आणि न ऐकलेलं गाणं नुसतं बघून गाता यायला लागलं." नुसतं बघून. टेबलावर पडलेल्या कागदाकडे नुसतं बघून. "फार मोठी क्रांती होती ही."

"पण बाई," मागून कुणीतरी विचारलं, "रेघेवरचा तो अमुक सूर सगळीकडे सारखाच होता का?"

"नव्हता. एकच पट्टी सगळ्यांनी मानायची हे अगदी अलीकडचं. पण तो आजचा विषय नाही."

तो आजचाच विषय होता. बाईंच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांचं लक्ष दाराकडे होतं. दारातून नवरा जाताना दिसला आणि त्याच्यामागून, वीतभर अंतरावरून, वेणी.

*

"प्रवेशाची यादी लावायचीय," प्राचार्य म्हणाले. "तुमची सही तेवढी राहिलीय."

"एका मुलीबद्दल शंका आहे. चाल आधी कळली असावी."

प्राचार्य खुर्चीत सरळ झाले. "शंका की खात्री? कारण हे लिहून दिलंत तर तिला कुठेच प्रवेश मिळणार नाही. आणि चाल बाहेर गेली असेल तर ती नेली कुणी, हेही लिहावं लागेल. ती तर तुम्ही घरी रचता ना?"

"घरीच."

"मग?"

"दुपारपर्यंत सांगते."

*

यादीची वाट बघत बाहेर थांबलेली वेणीवाली बोलावल्यावर तालमीच्या खोलीत आली ती घाबरूनच. बाईंनी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं. पाठ पियानोकडे. बाईंनी सापळा, म्हणजे एक नवी चाल, रात्रभर डोक्यातच रचला होता. कागदाला पेन्सिल लागू दिली नव्हती, गुणगुणणंसुद्धा टाळलं होतं. भांडी घासतानाही ओठ मिटलेले. नवऱ्याने दोनदा विचारलं, दात दुखतोय का.

"मी एक चाल वाजवते. लिही."

बाईंनी डी मध्ये वाजवली. मुलीने लिहिली. कागद हातात आला तेव्हा त्यावर ई-फ्लॅट होता. पुन्हा अर्धा सूर वर, आणि पुन्हा सगळं बिनचूक.

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. ही चाल तर कुणी चोरूच शकत नव्हतं. "चेष्टा करतेस का माझी?"

"नाही हो बाई! काय चुकलं?"

"हा सूर कोणता?" बाईंनी ए वाजवला.

"बी-फ्लॅट," मुलगी क्षणाचाही विचार न करता म्हणाली.

"मागे वळ. बघ माझं बोट कुठे आहे."

मुलगी वळली. बोटाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, पुन्हा बोटाकडे बघितलं. मग उठून आली, स्वतः ए दाबला, कान जवळ नेला, आणि आजारी माणसाबद्दल बोलावं तसं हळूच म्हणाली, "बाई, तुमचा पियानो बिघडलाय. अर्धा सूर चढलाय."

"विद्यालयाचा पियानो?"

"हो. आणि खरं सांगू का, रेडिओवरची गाणीही अशीच चढी असतात. मला वाटायचं, रेडिओच तसला."

"आणि बरोबर काय आहे मग?"

"आमच्या घरचा," मुलगी म्हणाली. "त्याच्यावरच शिकले मी. आईकडून."

बाई हळूच स्टुलावर बसल्या. "आईला फोन लाव."

*

"हात पिठाचे आहेत, थांबा हं," पलीकडून आई. मग बराच वेळ नळाचा आवाज. "हां, बोला. काय केलं हिने?"

"काही नाही. तुम्ही जरा पियानोचा सी वाजवता का? फोन जवळ धरून?"

"आत्ता?"

"आत्ता."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फोनमधून बारीक, पत्र्यावर पडल्यासारखा एक सूर. बाईंनी विद्यालयाच्या पियानोवर सी वाजवला. जुळेना. डावीकडची शेजारची पट्टी दाबली, बी. तंतोतंत जुळला.

"पुरे का? का अख्खं गाणं वाजवू?"

"पुरे. तुमचा पियानो अर्धा सूर उतरवलेला आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"अहो, ते होय! हो तर. सासऱ्यांनी जुना घेतला होता ना. ट्यूनर म्हणाला, तारा गंजल्यात, पूर्ण ताणल्या तर एकेक करून तुटतील. सगळाच थोडा खाली लावतो, आपसात जुळला म्हणजे झालं, घरात कुणाला कळणार. तरी एक तुटलीच त्या दिवशी. शेजारचे धावत आले, वाटलं गॅसचं काही झालं." आई हसली आणि एकदम थांबली. "का हो? त्याने काही अडलं का हिचं?"

"हिला सांगितलं नव्हतंत कधी?"

"विचारलं नाही तिने."

मुलीचा चेहरा उतरला होता. लहानपणापासूनचं सगळं जग अर्धा सूर बाजूला सरकलं होतं. वेणी पुढे घेऊन ती रिबीन सोडत-बांधत बसली. "म्हणजे मी सगळंच चुकीचं ऐकते?"

"नाही. तू बरोबर ऐकतेस. नुसता ऐकून सूर नावानिशी ओळखणारा कान फार थोड्यांना असतो. तुझ्या गावची पट्टी वेगळी आहे, एवढंच."

"मग प्रवेश?"

"झाला. पण पहिल्या दिवसापासून हा पियानो खरा मानायचा. त्रास होईल."

"रेडिओही खरा?"

"रेडिओही."

बाईंनी प्राचार्यांकडे जाऊन सही केली. "शंका मिटली?" त्यांनी विचारलं. मिटली, असं बाई म्हणाल्या. जिना चढून वरच्या मजल्यावर गेल्या. कादंबरीवाल्या सरांचा वर्ग चालू होता, दार अर्धं उघडं. त्याने बोलता बोलता त्यांना पाहिलं आणि भुवयांनी विचारलं, काय? बाईंनी मानेनेच सांगितलं, काही नाही.

मग त्या तिथेच उभ्या राहिल्या, तास संपेपर्यंत.

*

परीक्षेच्या आधीच्या त्या संध्याकाळी, कांदा चिरता चिरता बाईंची चाल गुणगुणून बघत, "जरा खाली घे गं," असं स्वयंपाकघरातून ओरडला होता तो नवराच. बाईंनी ते ऐकून हसत रबर उचललं होतं आणि चार फ्लॅट खोडले होते.