डब्यातला थंड फोन

त्या रविवारी सकाळी अकरा वाजता माझं झाकण नेहमीसारखंच उघडलं. दोन बिस्किटं बाहेर गेली, दोन फोन आत आले आणि झाकण बसलं. असा रविवार पुन्हा येणार नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वय साठीच्या पुढे. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका कालव्याकाठच्या घरात माझं आयुष्य गेलं. अंगावर गाईंचं चित्र होतं. आता एकीची शिंगं आणि दुसरीचं शेपूट तेवढं उरलं आहे. कॉफीच्या कपामागे एक बिस्किट, की झाकण बंद, ही आमच्याकडची रीत. असं काम करणाऱ्याचा स्वभाव थोडा संशयी होतोच.

माझे मालक डाउवे चाळीस वर्षं उचलत्या पुलाचे राखणदार होते. बोट आली की फाटक पाडायचं, पूल उचलायचा; रस्त्यावरच्यांनी मुकाट थांबायचं. पत्नी गेल्यावर त्यांनी फोन घेतला, आणि या माणसाला घड्याळाचं भान राहीना. अनोळखी लोकांची भांडणं बघता बघता बटाट्यांचं पातेलं करपलं. त्यांची मुलगी आफ्के दर रविवारी यायची. तिने सुनावलं.

"बाबा, घर जाळाल एक दिवस."

"आणि तू? आल्यापासून मान वर केली आहेस का?"

तेव्हा नियम ठरला. कॉफीचे दोन कप होईपर्यंत दोघांचे फोन डब्यात. "फाटक पडलं म्हणजे पडलं," डाउवे म्हणाले. इतर दिवशी ते एकटेही नियम पाळत. सोपं नव्हतं. फोन माझ्या पोटात भुंग्यासारखा घुरघुरे, त्यांचा हात झाकणापर्यंत येऊन मागे जाई. पण पातेलं पुन्हा करपलं नाही.

आफ्केच्या फोनबद्दल मात्र मला शंका येऊ लागली. मी पत्र्याचा, ऊब मला लगेच कळते. वडिलांचा फोन गरम येई. तिचा दगडासारखा थंडगार. ती तो पालथा ठेवी, आणि तो कधीच थरथरत नसे.

"तुझा फोन फार गुणी हं," डाउवे एकदा म्हणाले. "हूं नाही की चूं नाही."

"आवाज बंद केलाय, बाबा."

"माझाही बंद असतो. तरी तडफडतो मेला."

ती हसली, आणि तिचे डोळे पुन्हा मांडीकडे गेले.

त्या रविवारी डाउवे तिच्या जन्माची सकाळ सांगत होते. सुईण सायकलवरून यायची होती, आणि नेमक्या चार मालबोटी भोंगे वाजवत पुलापाशी आल्या. सुईण पार होईपर्यंत त्यांनी पूल उचललाच नाही. साहेबांची बोलणी खाल्ली, पण चारही बोटी खोळंबून ठेवल्या.

"हं," आफ्के म्हणाली. "छान."

डाउवेंनी दुसरा कप ओतला.

ती गेली, पण तिचा फोन माझ्यातच राहिला. ती परत आली नाही. मित्रांनो, खरा फोन विसरून कुणी इतका वेळ राहतं का? पाच वाजता डाउवेंनी तो काढला, बटण दाबलं. उजेड पडला नाही. "म्हणजे माझा संशय खोटा नव्हता," ते पुटपुटले. फोन उताणाच परत ठेवला आणि नियमाबाहेरचं एक बिस्किट खाल्लं.

मंगळवारी पाव आणायला सायकलवरून निघालेले डाउवे पुलाच्या अलीकडेच कोसळले. ते घरी आलेच नाहीत.

पाच आठवडे मला कुणी उघडलं नाही. बिस्किटं सादळली. मग आफ्के घर आवरायला आली. झाकण काढलं आणि तशीच उभी राहिली. फोन उताणा होता. वडिलांनी तो हाताळला होता, हे तिला कळलं.

मित्रांनो, फोनला वेळेची मर्यादा जरूर घाला, पण ती खरी पाळा. मला फसवून काही बिघडत नाही. समोर बोलणाऱ्याला फसवलं, तर त्याचं बोलणं परत मिळत नाही. त्या चार बोटींची गोष्ट मी तुम्हाला सांगितली. तिला सांगायला मला तोंड नाही.

आफ्केने खिशातला फोन माझ्यात ठेवला. तो गरम होता. झाकण लावून ती टेबलापाशी बसली.

"बाबा," ती रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "डब्यातला फोन जुना होता. चालूसुद्धा होत नव्हता. खरा माझ्या मांडीवर असायचा. जुना इथे राहिला हे संध्याकाळी लक्षात आलं, पण विचारायला फोन कोणत्या फोनवरून करणार? तुम्ही बोटींचं काहीतरी सांगत होतात. मी ऐकत नव्हते."