बरणी फोडणारी आत्या

आमच्या बंदरामागच्या बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात कपडे उतरवायला जशी कुणाला लाज वाटत नाही, तशी मतं द्यायलाही वाटत नाही. मासळीबाजारातली पहाटेची कामं उरकली की आम्ही बायका आधी गरम फरशीच्या खोलीत घाम काढायला पडून राहतो. डोक्याला टॉवेल, हातात उकडलेलं अंडं आणि समोर भिंतीवर टीव्ही. सकाळची मालिका संपली की मग आत अंघोळीला.

मतं देण्यात पिल-सूनकाकूंचा हात कुणी धरणार नाही. ऐंशीच्या घरात आल्यात, जन्मभर मासळी विकली, आवाज अजून बाजारातलाच. परवा नातवानं त्यांना अंतराळातला कुठला तरी नवा सिनेमा दाखवला.

"तीन तास अंधारात बसवलं," काकू सांगत होत्या. "शेवटी काय? पृथ्वी वाचली! अगं, ती वाचणार हे मला तिकीट काढतानाच ठाऊक होतं."

"मग ती प्रेतांची मालिका बघा," मिन-ग्युची आई म्हणाली. ही सुकटवाली. रात्री फोनवर एका दमात सगळे भाग बघते आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी येते. "मेलेली माणसं अशी पळतात काकू, अशी पळतात!"

"मेलेली पळतायत, आणि माझा मुलगा जिवंत असून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जात नाही. मला नको ती."

असं सगळं मजेत चाललेलं असायचं आणि त्या दिवसांत मी मात्र टीव्हीकडे कमी आणि बायकांच्या तोंडाकडे जास्त बघत असायची. कारण सकाळच्या मालिकेत माझी सख्खी धाकटी बहीण होती, आणि ते या बायकांना माहीत नव्हतं.

योन-सुक विसाव्या वर्षी घर सोडून सोलला गेली ती नटी व्हायला. झाली काय, तर प्रेत. दवाखान्यातलं प्रेत, नदीतलं प्रेत, फार तर चहा आणून ठेवणारी मोलकरीण. साठी जवळ आल्यावर पहिल्यांदा तिला नाव असलेली भूमिका मिळाली: मालिकेतल्या सुनेच्या घरात ठाण मांडून बसलेली तिच्या नवऱ्याची आत्या. "ताई, कुणाला सांगू नकोस," तिनं मला शपथ घातली होती. "ओळखीनं केलेलं कौतुक नको. लोक खरं काय बोलतात ते मला कळू दे."

लोक काहीच बोलत नव्हते, हाच तर घोळ होता. ही रोजची मालिका इकडे दाखवत असतात आणि तिकडे पुढचं लिहीत असतात. ज्या पात्राबद्दल प्रेक्षक बोलतात ते वाढतं. ज्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, त्याला एके दिवशी कॅनडातल्या लेकीची आठवण येते, ते बॅग भरतं, आणि पुन्हा कधी दिसत नाही. एका संध्याकाळी योन-सुकचा फोन आला. आवाज पडलेला.

"ताई, लेखिकाबाई म्हणाल्या, आत्याला कॅनडात एखादी मुलगी असावी असं त्यांना वाटतंय."

दुसऱ्या दिवशी मी अंडं सोलता सोलता सहज विचारावं तसं विचारलं, "ती मालिकेतली आत्या कशी वाटते गं तुम्हाला?"

"कोण आत्या?" मिन-ग्युची आई म्हणाली.

"ती जांभळ्या स्वेटरची आत्या? मला वाटलं शेजारीण आहे," काकू म्हणाल्या.

मला असा राग आला की अंडं त्यांच्याच डोक्यावर फोडावंसं वाटलं. तरी गोड बोलून मी मिन-ग्युच्या आईला मालिकेच्या इंटरनेटवरच्या पानावर दोन ओळी लिहायला लावल्या: आत्याचं काम छान आहे. तिच्याखाली कुणीतरी लिहिलं, "कोण आत्या?" मी कपाळाला हात लावला.

त्या आठवड्यात योन-सुक दोन दिवस माझ्याकडे आली. तिचा चेहरा बघवेना. "चल, अंघोळीला जाऊ," मी म्हटलं. "सगळं धुऊन निघेल." रंगरंगोटी नसली की ती कुणालाही ओळखू येत नाही, हे तिचं दुर्दैव तेव्हा उपयोगी पडलं. टॉवेल कपाळापर्यंत ओढून ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली. आणि मालिका लागली.

त्या भागात सून परसात मातीच्या मोठाल्या बरण्या पुसत होती. त्यांत तिच्या आईनं, आईच्या आईनं जपलेला सोया सॉस, वर्षानुवर्षं मुरून काळाभोर झालेला. आई गेल्यावर तेवढाच मागे उरलेला. तोंडातलं चावायचं सोडून सगळ्या बघत होतो. मग जांभळ्या स्वेटरची आत्या परसात आली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गवतातला दगड उचलला आणि शांतपणे त्या बरणीवर घातला. काळा सोया पायऱ्यांवरून वाहत खाली आला. आत्यानं बोट बुडवून चाटून पाहिलं आणि म्हणाली, "खारट आहे."

खोलीत असा गलका उठला की मालकीण धावत आली.

"बरणी फोडली! मेली, बरणी फोडली गं!"

"माणूस मारला असता तर एकवेळ समजून घेतलं असतं!"

"चाटून वर नावं ठेवते!" काकूंच्या हातातलं गोड भाताचं पेय सांडलं तरी त्यांना पत्ता नव्हता. "हिला आपल्या बाजारात आणा. खवले काढते तिचे!"

माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती माझीच बहीण आहे हे क्षणभर विसरून. मी कोपऱ्याकडे पाहिलं. योन-सुकचे डोळे टॉवेलखाली चमकत होते.

आत अंघोळीला गेलो तरी काकू धुमसतच होत्या. शेजारच्या बाईची पाठ घासून द्यायची आमची जुनी रीत, आणि काकूंच्या शेजारी नेमकी योन-सुक बसलेली. "वळ गं," काकू म्हणाल्या आणि खरखरीत हातमोजा चढवून भिडल्या. आत्यावरचा सगळा राग त्या पाठीवर निघत होता.

"जरा हळू, काकू," योन-सुक कळवळली, "कातडं निघेल."

तो आवाज ऐकून काकूंचा हात थांबला. त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, नीट पाहिलं, आणि पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की सगळं न्हाणीघर घुमलं.

"तूच ती! बरणी फोडणारी!"

सगळ्या बायका गोळा झाल्या. मी मध्ये पडणार, तेवढ्यात योन-सुक उठून उभी राहिली. अंगावर एक धागा नाही, साबणाचा फेस गळतोय, आणि मान अशी ताठ केली की माझ्या ओळखीची बहीण तिच्यात उरलीच नाही.

"फोडली तर फोडली!" ती सावकाश, आत्याच्या सुरात म्हणाली. "एवढी जीवापाड होती, तर उघड्यावर कशाला ठेवलीत?"

सोयाची बरणी उन्हावाऱ्यात नाही ठेवायची तर काय कपाटात? मग जी काही धांदल उडाली! कुणी पाण्याचे तांबे फेकले, कुणी साबण. काकू हातमोजा परजत तिच्या मागे, योन-सुक गरम पाण्याच्या हौदाभोवती पळतेय आणि पळता पळता हसतेय, हसता हसता रडतेय.

"अगं थांबा, माझी बहीण आहे ती!" मी ओरडले.

मग सगळ्यांना हौदात बसवून मी सगळं सांगितलं. बहिणीचं काम, तिची प्रेतं, लेखिकाबाईंनी आत्यासाठी काढलेली कॅनडातली मुलगी. तिचं काम जाणार म्हणून बायका हळहळतील असं मला वाटलं होतं.

"कॅनडा?" काकू कडाडल्या. "बरणी फोडून विमानात बसणार? आणि शिक्षा कोण भोगणार?"

"असं कसं जाऊ देतील!" मिन-ग्युची आई ओल्या हातानंच फोन आणायला धावली.

त्या दिवशी आमच्या बाजारानं मालिकेच्या पानावर जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. कोळंबीवाल्या, सुकटवाल्या, त्यांच्या सुना, सगळ्यांनी लेखिकाबाईंना बजावलं की त्या बाईला देशाबाहेर जाऊ द्याल तर याद राखा, तिचे हाल झालेले आम्हाला याच डोळ्यांनी बघायचेत. आणि आमचाच बाजार कशाला, गावोगावच्या परसात बरण्या आहेत. त्या रात्रीपर्यंत "कोण आत्या" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

काही दिवसांनी मी बाजारातल्या माझ्या दुकानात लोणच्यासाठी मुळे चिरत असताना योन-सुकचा फोन आला. हुंदक्यांमुळे तिला बोलता येईना. मी सुरी खाली ठेवली.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "मला अटक होणार आहे! बेड्या घालून, भर बाजारातून नेणार आहेत! पुढच्या महिन्यात तुरुंगाचे सगळे भाग माझेच!"

मी गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं रडले. मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

तिच्या सुटकेचा भाग चित्रित झाला तेव्हा ती पुन्हा आली. न्हाणीघराच्या दारात पिल-सूनकाकू वाट बघत उभ्या होत्या, हातात पांढऱ्याशुभ्र टोफूची वडी. तुरुंगातून सुटलेल्याला आमच्यात टोफू भरवतात, पुन्हा त्यानं वाईट वाटेला जाऊ नये म्हणून. योन-सुकचे डोळे भरून आले. तिनं वाकून नमस्कार केला आणि लहान मुलीसारखा आ केला.

टोफू तिच्या ओठांपर्यंत पोचला आणि काकूंनी झटकन हात मागे घेतला.

"नको. हे खाऊन तू सुधारलीस, तर उद्यापासून आम्ही बघायचं कुणाला?"

असं म्हणून त्यांनी तो स्वतःच तोंडात टाकला, आणि चावता चावता योन-सुकची पाठ घासायला तिला दंडाला धरून आत घेऊन गेल्या.